एक कडू फूल, एक गोड फूल

मे महिन्यात परतवाड्याचा बाजार दुपारी बारानंतर ओस पडतो. वर घाटात चिखलदऱ्याला वारा असतो. इथे सातपुड्याच्या पायथ्याशी, सापन आणि बिच्छन या दोन नद्यांच्या बेचक्यात मात्र नुसता फुफाटा असतो. संध्याकाळी ऊन उतरलं की रसवंत्यांवर गर्दी होते, तशी बियर शॉप्यांवरही होते. तिथे उभ्या माणसाला कोणी हटकलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘दारू थोडीच हाये भाऊ ते, जवाचं पानी हाये.’ मुतखड्याची सोनोग्राफी करून दवाखान्याबाहेर पडलेल्या पेशंटला डॉक्टरच्या आधी शेजारपाजारचे औषध सांगतात, ‘दोन थंड्या मार, खडा निंघून जाते.’

अचलपूर-परतवाड्यातच असं बोलतात असं नाही. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोला, कुठेही हेच ऐकू येईल. त्यात आता मोबाईलवरून आलेल्या माहितीची भर पडली आहे. बियरमध्ये हॉप्स नावाची औषधी वनस्पती असते, ती कॅन्सर रोखते, झोप आणते, हाडं मजबूत करते, वगैरे. यातलं काही खरं आहे, काही अर्धं खरं आहे, आणि ज्या कारणासाठी ते सांगितलं जातं ते कारण जवळजवळ पूर्ण खोटं आहे. वऱ्हाडात या समजुतीची किंमत घरातली माणसं मोजतात, म्हणून हे नीट उलगडून सांगायला हवं.

हॉप्स ही वेल आहे. शास्त्रीय नाव ह्युम्युलस ल्युप्युलस, कुळ गांजाचं. नर आणि मादी वेली वेगळ्या. बियरसाठी लागतात ती फक्त मादी वेलीची फुलं. पोपटी रंगाची, पापुद्र्यांची, बोटाच्या पेराएवढी बोंडं असतात. बोंड उकललं की पापुद्र्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट, उग्र वासाची भुकटी दिसते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. सगळी करामत या भुकटीची. तिच्यात ह्युम्युलोन नावाची आम्लं आणि सुगंधी तेलं असतात. ही वेल हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरते, वसंतात पुन्हा फुटते आणि उन्हाळाभर दोरांवरून पाच-सहा मीटर चढते. तिला कडक थंडीची विश्रांती लागते आणि फुलोऱ्याआधी पुरेशी वाढ होण्यासाठी उन्हाळ्याचे खूप मोठे दिवस लागतात. म्हणून जगातलं बहुतेक हॉप्स 35 ते 55 अंश अक्षांशांच्या पट्ट्यात पिकतं. जर्मनीतलं हालरटाऊ, झेक देशातलं झाटेत्स, अमेरिकेतलं याकिमा खोरं, इंग्लंडमधलं केंट ही त्याची ठिकाणं. भारतात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात बटाटा आणि वाटाण्याच्या जोडीने हॉप्स लावलं गेलं. अचलपूर 21 अंशांवर आहे. आपला जूनमधला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतच संपतो. कपाशी, तूर आणि संत्र्याच्या या मुलखात ही वेल कुंडीत जगवता येईल, पीक म्हणून उभी राहणार नाही. म्हणजे परतवाड्याच्या बाटलीत जे काही हॉप्स आहे, ते दुरून, बहुधा समुद्रापलीकडून आलेलं आहे. तेही बहुतेक वेळा फुलाच्या रूपात नसतं. दाबून केलेल्या गोळ्या किंवा काढलेला अर्क कारखान्यात पोचतो.

बियरमध्ये त्याचं काम काय? जवाला मोड आणून, भाजून, भरडून गरम पाण्यात ठेवलं की गोड पाणी निघतं. हे पाणी नुसतं आंबवलं तर पेय मिळमिळीत गोड लागतं आणि लवकर आंबट होतं. म्हणून ते तास-दीड तास उकळतात आणि उकळताना हॉप्स घालतात. उकळीत ह्युम्युलोनची रचना बदलते आणि पाण्यात विरघळणारा कडवटपणा तयार होतो. हा कडवटपणा गोडीला आवर घालतो. शिवाय दूध-ताकातल्या जिवाणूंचे जे भाऊबंद बियर नासवतात, त्यांना तो वाढू देत नाही. यीस्टला मात्र त्याचा त्रास होत नाही. लोणच्यात मेथी जशी चवीलाही असते आणि टिकण्यालाही, तसं हे दुहेरी काम आहे. सुगंधी तेलं उकळीत उडून जातात. म्हणून वास हवा असेल तर शेवटच्या मिनिटांत किंवा आंबवून झाल्यावर पुन्हा हॉप्स टाकतात. बाटली तपकिरी असण्यामागेही हॉप्सच आहे. उन्हाने त्यातली कडू द्रव्यं फुटतात आणि बियरला घाण वास मारू लागतो.

युरोपातही बियर पहिल्यापासून कडू नव्हती. आधी रानातल्या वेगवेगळ्या पाल्यांचं मिश्रण घालत आणि त्यावर सरदार, धर्मपीठं कर घेत. बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या जोगिणीने हॉप्सबद्दल लिहून ठेवलं की ते मन उदास करतं, पण त्याच्या कडूपणाने पेयं टिकतात. 1516 साली बव्हेरियात फर्मान निघालं की बियरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. भारताशी हॉप्सचा संबंध आला तो जहाजांमुळे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इंग्लंडहून निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला पोचायला महिनोन्‌महिने घ्यायचं, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. पिंपांतली साधी बियर त्यात नासायची. लंडनच्या हॉजसन या दारूवाल्याची भरपूर हॉप्स घातलेली फिकी एल टिकली आणि पुढे बर्टन गावच्या कारखानदारांनी तोच धंदा वाढवला. तिलाच आज इंडिया पेल एल म्हणतात. ती खास भारतासाठी शोधून काढली, ही गोष्ट मात्र लोकांनी रंगवलेली आहे. कडक हॉप्सची बियर इंग्लंडात आधीपासून होती, या समुद्रप्रवासात ती टिकली इतकंच.

महाराष्ट्रात अलीकडे या जुन्या चवी परत आल्या. 2009 साली पुण्यात ‘डूलाली’ ही छोटी बियरभट्टी सुरू झाली. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेलं आहे. मायदेशी परतायच्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत पडून राहिलेले गोरे शिपाई भ्रमिष्टासारखे वागू लागत, त्यावरून इंग्रजीत तो शब्द रूढ झाला. पुण्या-मुंबईच्या अशा भट्ट्यांत हॉप्सचं कौतुक चालतं, जातींची नावं फळ्यावर लिहिली जातात. अचलपूर-परतवाड्याच्या शॉपीत विकली जाते ती मुख्यतः स्ट्राँग. तिच्यात कडवटपणा साधारण कमीच ठेवतात आणि अल्कोहोल जास्त. म्हणजे ज्या फुलाच्या औषधी गुणांचे मेसेज वऱ्हाडात फिरतात, ते फूल वऱ्हाडातल्या बाटलीत सर्वांत कमी आहे.

आता त्या गुणांकडे येऊ. हॉप्सला औषधी परंपरा आहे, यात वाद नाही. युरोपात त्याच्या सुक्या फुलांनी भरलेली उशी झोप न येणाऱ्याला देत. जर्मनीत औषधी वनस्पती तपासणाऱ्या सरकारी समितीने अस्वस्थपणा आणि निद्रानाशासाठी त्याचा वापर मान्य केला होता. त्याच्या गोळ्या बहुधा व्हॅलेरियन या दुसऱ्या मुळीबरोबर देतात आणि पुरावा बेताचाच आहे, तरी निराधार नाही. दुसरं द्रव्य झँथोह्युमॉल. प्रयोगशाळेत, पेशींवर आणि उंदरांवर त्याने दाह कमी केल्याचे, काही कॅन्सरपेशींची वाढ रोखल्याचे निष्कर्ष आलेले आहेत. ‘बियर कॅन्सर रोखते’ या मेसेजचं मूळ इथे आहे.

पण मात्रेचा हिशेब कोणी फॉरवर्ड करत नाही. नेहमीची बियर बनवताना शंभर लिटरला ढोबळमानाने शे-दीडशे ग्रॅम हॉप्स पडतं. 650 मिलिलिटरच्या बाटलीच्या वाट्याला ग्रॅमभर येतं. उकळीत झँथोह्युमॉलचं बहुतांश दुसऱ्याच द्रव्यात रूपांतर होतं, काही गाळात जातं. साध्या बियरमध्ये लिटरला मिलिग्रॅमचा पाचवा हिस्साही उरत नाही. अमेरिकेत निरोगी माणसांवर त्याच्या सुरक्षिततेची चाचणी झाली, तेव्हा रोज 24 मिलिग्रॅम शुद्ध झँथोह्युमॉल दिलं गेलं. तेवढं बियरमधून मिळवायचं तर दिवसाला शंभर लिटरच्या वर प्यावी लागेल.

तिसऱ्या द्रव्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि मला ती सर्वांत विचार करण्यासारखी वाटते. हॉप्स तोडणाऱ्या बायकांची पाळी बिघडते, असं युरोपातल्या मळ्यांत फार पूर्वीपासून बोललं जाई. 1999 साली लंडनच्या संशोधकांनी त्यामागचं द्रव्य दाखवून दिलं. 8-प्रेनिलनॅरिंजेनिन हे वनस्पतींत सापडलेल्या इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यांतलं अत्यंत प्रभावी द्रव्य आहे. मळ्यातल्या बायकांचं म्हणणं वाऱ्यावरचं नव्हतं. बियरमध्ये ते अत्यल्प असतं, पण काही जणांच्या आतड्यातले जिवाणू हॉप्समधल्याच दुसऱ्या द्रव्यापासून ते आणखी तयार करू शकतात. पाळी जाण्याच्या वयातल्या त्रासासाठी हॉप्सच्या अर्काच्या गोळ्यांवर अभ्यास झाले ते यामुळे. ते अर्क मोजून, दारूशिवाय दिलेले असतात. त्यावरून बाटलीची शिफारस करता येत नाही.

कारण बाटलीत हॉप्सबरोबर काय आहे ते मोजायला हवं. पाच टक्क्यांच्या 650 मिलिलिटर बियरमध्ये सुमारे 26 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँगमध्ये सुमारे 41 ग्रॅम. व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बाटली चार पेगांच्या बरोबरीची आहे. ‘जवाचं पानी’ म्हणत दोन रिचवणारा माणूस आठ पेग पिऊन दुचाकीवर बसतो आणि घाटाच्या किंवा अमरावतीच्या रस्त्याला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मद्याला 1988 सालीच कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यात बियर वेगळी काढलेली नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडं आणि बायकांच्या स्तनांचा कॅन्सर, या सगळ्यांशी त्याचा संबंध सिद्ध आहे. 2023 साली याच संघटनेने स्पष्ट सांगितलं की मद्याची कोणतीच मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. ग्रॅमभर फूल 41 ग्रॅम अल्कोहोलचं काही वाकडं करू शकत नाही.

मुतखड्याचं काय? इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की बियर पिणाऱ्यांत नवे खडे होण्याचं प्रमाण कमी दिसल्याचे अमेरिकेतले काही मोठे अभ्यास आहेत. त्यांत लोकांच्या सवयी वर्षानुवर्षं टिपलेल्या आहेत, औषध म्हणून बियर देऊन पाहिलेली नाही. झालेला खडा बियरने पडतो, असं त्यांतून निघत नाही. बियर प्यायल्यावर लघवी जास्त होते, कारण अल्कोहोल शरीरातलं पाणी राखणारं संप्रेरक दाबतं. त्या वेळी बरं वाटतं, मग शरीर कोरडं पडतं आणि लघवी दाट होते. वऱ्हाडच्या उन्हात ही कोरड दुप्पट घातक आहे. शिवाय बियरने युरिक ॲसिड वाढतं, आणि काही खडे त्याचेच असतात. पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआप निघून जातात. बियर प्यायलेल्याचाही निघतो, साधं पाणी प्यायलेल्याचाही. पहिला माणूस गावभर सांगत सुटतो, दुसऱ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. समजूत टिकते ती अशी.

पण ही समजूत वऱ्हाडातच इतकी घट्ट का, याला एक कारण जमिनीत आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव भागातल्या कितीतरी गावांत विहिरीला, बोअरला पाणी लागतं ते खारं. तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही. नळाचं गोड पाणी आठ-दहा दिवसांआड आलं की घरातली माणसं, विशेषतः बायका, घोट मोजून पितात. किडनीच्या आजारांची तक्रार या गावांतून सतत येते. जिथे पुरेसं गोड पाणी मिळणं हीच अडचण आहे, तिथे थंडगार बाटली औषध वाटली तर नवल नाही. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या, हा डॉक्टरांचा सल्ला स्वस्त वाटतो. खारपाणपट्ट्यात तो महाग आहे. मुतखड्यावरची खरी मागणी पाणीपुरवठा योजनेची आहे आणि ती सरकारकडे करायची आहे.

बियर बनवायलाही पाणीच लागतं, आणि पुष्कळ लागतं. 2016 च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या दारू आणि बियर कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून जास्त कपात करायला लावली होती. आपल्या शॉपीत येणाऱ्या थंड बाटलीमागे कुठलं तरी धरण असतं, हे तेव्हा महाराष्ट्राला पहिल्यांदा दिसलं.

आता दुसऱ्या फुलाकडे. परतवाडा हे मेळघाटचं दार आहे. सागाच्या डेपोपासून रस्ता घाट चढतो आणि सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जातो. फाल्गुन-चैत्रात या जंगलात मोह गळतो. पहाटेच्या आधीपासून फुलं टपटपत राहतात. पांढुरकी, मांसल, रसाने भरलेली. कोरकू बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. वाळल्यावर फूल मनुकेसारखं तपकिरी होतं, आणि त्याच्या वजनात दोन तृतीयांशाच्या आसपास नुसती साखर असते. धान्य संपत आलेल्या दिवसांत हे फूल शिजवून, भाजून, कुटून खाल्लं गेलं आहे. बियांचं तेल निघतं, ढेप निघते. आणि फुलं आंबवून, भट्टीवर चढवून कोरकू सिडू काढतात. देवाला, लग्नाला, मयताला ती लागते.

हॉप्स आणि मोह यांच्यात एक मूलभूत फरक आहे. हॉप्स दारूच्या चवीला असतं, दारू होते ती जवाच्या साखरेची. मोहात ती साखर स्वतः फूलच आणतं. म्हणून सरकारची नजर हॉप्सवर कधी पडली नाही, मोहावर मात्र दीडशे वर्षं आहे. अबकारी उत्पन्न बुडतं म्हणून मुंबई इलाख्यात 1892 साली मोहफुलांसाठी वेगळा कायदाच झाला आणि ठाणे-कुलाब्यातल्या आदिवासींच्या घरातली फुलं गुन्ह्याचा मुद्देमाल ठरली. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या दारूबंदी कायद्यानेही मोहफुलं साठवायला, न्यायला परवान्याची अट ठेवली. 2021 साली राज्याने ती बंधनं सैल केली. इतकी वर्षं जंगलातल्या बाईने वेचलेलं खाद्य पोलिसांच्या कागदावर ‘मोहसडवा’ म्हणूनच येत राहिलं. आणि त्याच काळात हॉप्सची बाटली शहरात परवान्याने, फ्रीजमधून, थाटात विकली गेली. हा अन्याय आहे.

तरी सिडूचा गौरव मला करता येत नाही. मध्य प्रदेशाने आपल्या आदिवासींची मोहाची दारू ‘हेरिटेज’ म्हणून बाजारात आणली, तसं मेळघाटातही करा, असं बोललं जातं. मोह पौष्टिक आहे, म्हणून मोहाची दारू औषधी, हा तर्क बियरवाल्यांच्या तर्काचाच भाऊ आहे. भट्टीतून वर जाते ती अल्कोहोलची वाफ. फुलातले क्षार, तंतू, प्रथिनं खाली मडक्यातच राहतात. त्यात नवसागर मिसळणारी हातभट्टी तर वेगळीच आपत्ती आहे.

या मातीत हे आधीच सांगून झालेलं आहे. गाडगेबाबा अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेणगावचे. घरी बारसं असलं की मटण आणि दारूची पंगत हा तेव्हाचा रिवाज. बाबांनी मुलीच्या बारशाला तो मोडला आणि गोडाचं जेवण घातलं. पुढे आयुष्यभर कीर्तनातून ते दारूबद्दल बोलले, समोरच्यालाच प्रश्न विचारून, वऱ्हाडी बोलीत. 20 डिसेंबर 1956 ला त्यांचं निधन झालं ते वलगावजवळ, पेढी नदीपाशी. परतवाड्याहून अमरावतीला जाणारी प्रत्येक एसटी तिथूनच जाते. बियर हलकी आणि देशी जड, असा भेद त्यांनी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गावातल्या बायाही करत नाहीत. मद्याचं दुकान हटवण्यासाठी महिलांचं गुप्त मतदान घेण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. ज्यांच्या घरात बाटली येते त्यांना तिच्यातल्या फुलाचे गुण ऐकायचे नसतात. पगार किती उरला, एवढंच त्या पाहतात.

मोहाचं फूल मात्र दारूपासून सोडवता येतं. हॉप्सला बियरखेरीज फारसा बाजार नाही, मोहाला होऊ शकतो. लाडू, सिरप, चटणी, बिस्किटं बनवणारे बचत गट विदर्भात आहेत. इथेही दावे तोलूनच करायला हवेत. मोहाच्या लाडवात साखर भरपूर आहे, मधुमेह्याने तो जपूनच खावा. पण ते अन्न आहे, त्याने भूक भागते, आणि वेचणारीच्या हातात रोख पैसा येतो. अडचण गोळा करण्यात आणि साठवण्यात आहे. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात, त्यातून उन्हाळ्यात वणवे लागतात, आणि राख-माती लागलेलं फूल खाद्य म्हणून विकलं जात नाही. झाडाखाली जाळी बांधली तर दोन्ही टळतं. पावसाळ्यात फूल सादळतं, कीड लागते. म्हणून गरजेपोटी ते व्यापाऱ्याला पडेल भावाने जातं, आणि तो ते साठवून पुढे चढ्या भावाने विकतो.

यावर काय करता येईल याचं उदाहरण अचलपूर तालुक्यातच आहे. पायविहीर या गावाला वनहक्क कायद्याखाली 2012 साली सामूहिक वनहक्क मिळाला. परतवाड्याच्या ‘खोज’ संस्थेची साथ होती. उजाड टेकड्यांवर गावाने राखण केली, झाडं जगवली आणि सीताफळं एकेकट्याने न विकता ग्रामसभेमार्फत, पेट्यांत भरून, ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने विकायला सुरुवात केली. 2014 साली त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. शेजारच्या उपातखेड्यानेही हीच वाट धरली. जे सीताफळाचं झालं ते मोहाचं व्हायला हवं. ग्रामसभेची जाळी, ग्रामसभेचं कोरडं गोदाम, भाव पाहून विकायची मुभा आणि परतवाड्यात प्रक्रियेचा एक छोटा कारखाना, एवढी ही मागणी आहे. बियर शॉपीच्या परवान्याइतक्या सहजपणे हे सगळं मंजूर झालं, तर पुढच्या चैत्रात घाटावरून खाली येणारी पोती भट्टीवाल्याच्या दारात जाणार नाहीत.